विद्यार्थी-प्रतिमान आणि चुकीचा अर्थ : संगणकीय अध्यापनाच्या इतिहासातील एक प्रश्न व मराठी संख्यानामे

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या द्वारा शिक्षण देण्याच्या योजनांत 'प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण' हे अभिवचन नेहमी अग्रभागी असते. हे अभिवचन पाळावयाचे, तर समोरचा विद्यार्थी काय जाणतो, कोठे अडतो आणि का अडतो, यासंबंधी काही मांडणी यंत्राजवळ असावयास हवी. शिक्षक ही मांडणी मनात करीत असतो. यंत्रास ती अंकांच्या व नियमांच्या रूपाने द्यावी लागते. अशा मांडणीस प्रस्तुत निबंधात 'विद्यार्थी-प्रतिमान' ही संज्ञा योजिली आहे. विद्यार्थी उत्तर देतो, त्या उत्तरावरून प्रतिमानात बदल होतो आणि बदललेल्या प्रतिमानावरून पुढचा प्रश्न ठरतो. वैयक्तिक म्हणविल्या जाणाऱ्या संगणकीय अध्यापनाचा गाभा एवढाच आहे.

या विषयाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगण्यात येतो. आमच्या मते तो एका निराळ्या सूत्राने अधिक स्पष्ट होतो. विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिले असता त्या चुकीचा अर्थ काय लावावयाचा, हे ते सूत्र होय. या प्रश्नास दोन उत्तरे देण्यात आली आहेत. पहिल्या उत्तराप्रमाणे चूक ही ज्ञानाची उणीव आहे. दुसऱ्या उत्तराप्रमाणे चूक हाही कोणत्या तरी ज्ञानाचाच परिणाम आहे. विद्यार्थी नियमाने चालतो, मात्र त्याचा नियम पाठ्यपुस्तकातील नियमाहून वेगळा असतो.

भाषेच्या अभ्यासकास हा भेद अपरिचित नाही. लहान मूल 'केले' या रूपाच्या जागी 'करले' असे म्हणते, तेव्हा त्याला भूतकाळ येत नाही असे कोणी म्हणत नाही. त्याने भूतकाळाचा नियम आत्मसात केला आहे, फक्त अपवाद अजून त्याच्या कानावर पुरेसा पडलेला नाही. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली द्वितीय भाषा शिकणाऱ्यांच्या चुकांना याच दृष्टीने महत्त्व दिले, आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली शिकणाऱ्याच्या अपुऱ्या परंतु नियमबद्ध भाषेस स्वतंत्र व्यवस्थेचे स्थान दिले. संगणकीय अध्यापनाच्या क्षेत्रात हीच दृष्टी त्याच दशकात उदयास आली, काही काळ टिकली आणि पुढे मागे पडली. ती का मागे पडली, आणि मराठीतून शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तिचे मागे पडणे का गैरसोयीचे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. यंत्रापूर्वीची स्थिती

विद्यार्थ्यास त्याच्या गतीने शिकवावे ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रातील जुन्या पंतोजींच्या शाळेत आजच्या अर्थाने वर्ग नव्हता. एक मुलगा धुळपाटीवर अक्षरे गिरवीत असे, दुसरा पाढे म्हणत असे, तिसरा मोडी वाचीत असे, आणि वरची मुले खालच्यांकडून घोकून घेत. कोण कोठवर आला आहे हे पंतोजींस ठाऊक असे. ते कोठेही लिहून ठेवीत नसत. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा वाढल्या, इयत्ता, वार्षिक परीक्षा व तपासणी यांची व्यवस्था बसली, आणि मुलाची प्रगती प्रथमच कागदावर नोंदली जाऊ लागली. मात्र ही नोंद इयत्तेच्या मापाने होती. मूल पुढे गेले किंवा मागे राहिले, एवढेच तीवरून कळत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मानसशास्त्राने निराळे माप पुढे आणले. बिने व सिमाँ यांची श्रेणी १९०५ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली. मराठी मुलांच्या बाबतीत या मापाचा महत्त्वाचा प्रयोग डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात केला. त्यांनी बिने श्रेणीची कानडी व मराठी भाषिक मुलांसाठी पुनर्रचना केली. तिचा वृत्तांत १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. हा प्रयत्न आमच्या विषयास दोन कारणांनी उपयुक्त आहे. एक तर परभाषेत तयार झालेले माप केवळ भाषांतर करून भागत नाही, ते येथील मुलांवर नव्याने पारखावे लागते, हे तत्त्व त्यात प्रत्यक्ष आचरणात आले. दुसरे असे की, या श्रेणीतून निघणारे फलित अखेर एका आकड्याचे होते. त्या आकड्यावरून मुलांचा क्रम लावता येत असे. मुलाने विशिष्ट प्रश्नाचे विशिष्ट चुकीचे उत्तर का दिले, हे त्यावरून कळण्याची सोय नव्हती.

३. अध्यापनयंत्रे

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातील सिडनी प्रेसी यांनी १९२० नंतरच्या दशकात बहुपर्यायी प्रश्न विचारणारे एक साधे यंत्र तयार केले. योग्य कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येत नसे. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी बी. एफ. स्किनर यांनी १९५४ व १९५८ मधील आपल्या लेखांतून अध्यापनयंत्राची कल्पना नव्या जोमाने मांडली. विषयाचे अगदी लहान लहान टप्पे पाडावयाचे आणि प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याचे उत्तर सहसा बरोबरच यावे अशी रचना करावयाची, हे स्किनर यांचे धोरण होते. परिणामी सर्व विद्यार्थी एकाच वाटेने जात. फरक पडे तो केवळ वेगाचा. चूक ही रचनेतील दोष मानली गेल्यामुळे तिच्या अर्थाचा विचार करण्याचे कारणच उरले नाही.

याच काळात नॉर्मन क्राउडर यांनी निराळी वाट धरली. त्यांच्या रचनेत विद्यार्थी जो चुकीचा पर्याय निवडील, त्या पर्यायासाठी लिहिलेले स्वतंत्र पृष्ठ त्याच्यापुढे येई व त्याची समजूत कोठे वाकडी गेली हे सांगे. चुकीपासून काही शिकता येते ही जाणीव येथे दिसते. परंतु चुकीचे पर्याय लेखकाने आधीच कल्पावयाचे असल्याने, लेखकास न सुचलेली चूक या रचनेस दिसू शकत नसे. इंग्लंडमध्ये गॉर्डन पास्क यांनी १९५६ च्या सुमारास टंकनफलक शिकविणारे यंत्र बनविले. ते शिकणाऱ्याच्या प्रत्येक कळीवरील विलंबाची नोंद ठेवून सरावाची काठिण्यपातळी बदलीत असे. एका व्यक्तीच्या कामगिरीप्रमाणे स्वतःत बदल करणारे आरंभीच्या काळातील हे एक महत्त्वाचे यंत्र होय.

आपल्याकडे क्रमान्वित अध्ययनाच्या नावाने स्किनर यांची पद्धती आली आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात तिच्यावर संशोधन झाले. यंत्राची उणीव छापील पुस्तिकांनी भरून काढण्यात आली. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ही पद्धती दीर्घकाळ टिकली. मात्र विद्यार्थ्याच्या चुकीचे विश्लेषण तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

४. चुकीमागील नियमाचा शोध

इलिनॉय विद्यापीठात १९६० साली 'प्लेटो' ही संगणकीय अध्यापनाची व्यवस्था सुरू झाली. त्याच दशकात स्टॅनफर्ड येथे पॅट्रिक सपीज यांनी संगणकाद्वारे प्राथमिक अंकगणिताचा सराव देण्यास आरंभ केला. एका राजपुत्रास ॲरिस्टॉटलसारखा गुरू लाभला, तसा गुरू संगणकामुळे लक्षावधी मुलांना लाभेल, अशी आशा सपीज यांनी १९६६ साली व्यक्त केली होती. परंतु या व्यवस्थांतील विद्यार्थ्याची नोंद बहुतांशी बरोबर व चूक उत्तरांच्या संख्येवरच आधारलेली होती.

खरा पालट १९७० साली झाला. हायमे कार्बोनेल यांनी दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर संवाद करणारी 'स्कॉलर' ही प्रणाली रचली. तीत विषयाचे ज्ञान परस्परसंबद्ध संकल्पनांच्या जाळ्याच्या रूपाने साठविले होते. प्रश्न व उत्तरे त्या जाळ्यावरून तयार होत. जॉन सेल्फ यांनी १९७४ साली विद्यार्थी-प्रतिमान हा स्वतंत्र विचाराचा विषय बनविला. १९७७ साली कार व गोल्डस्टीन यांनी जी पद्धती सांगितली, तीत तज्ज्ञाचे ज्ञान हा पूर्ण नकाशा मानला होता आणि विद्यार्थ्याचे ज्ञान हा त्या नकाशाचा रंगविलेला भाग. जेवढा भाग कोरा, तेवढे शिकवावयाचे शिल्लक. ही मांडणी सोपी व सोयीची आहे. तथापि विद्यार्थ्याजवळ नकाशाबाहेरचे काही असू शकते, ही शक्यता तीत मुळातच वगळली गेली आहे.

पुढच्याच वर्षी, १९७८ साली, जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांनी 'बगी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या कामात नेमकी हीच शक्यता केंद्रस्थानी आणली. ५२ मधून २७ वजा करताना एखादा मुलगा ३५ असे उत्तर देतो. हे उत्तर अंदाजाने आलेले नाही. प्रत्येक स्तंभात लहान अंक मोठ्या अंकातून वजा करावयाचा, असा त्याचा नियम आहे: ७ मधून २ गेले ५ उरले, ५ मधून २ गेले ३ उरले. हा नियम एकदा ध्यानात आला, म्हणजे तो मुलगा पुढच्या उदाहरणाचे कोणते चुकीचे उत्तर देईल हेही सांगता येते. ब्राउन व बर्टन यांनी वजाबाकीतील अशा नियमबद्ध चुकांची मोठी सूची तयार केली. त्यांनी भावी शिक्षकांसाठी एक खेळही रचला. त्यात संगणक चुकणाऱ्या मुलाची भूमिका घेई आणि शिक्षकाने त्याचा नियम ओळखावयाचा असे.

या संशोधनास जी उत्तरपत्रिकांची सामग्री लाभली, तिचा मोठा भाग निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशाच्या तेराशेहून अधिक शाळकरी मुलांचा होता. तेथे रेडिओद्वारे गणित शिकविण्याचा प्रकल्प चालू होता आणि मुलांनी लिहिलेली उत्तरे जशीच्या तशी जतन झाली होती. श्रीमंत साधनांचा अभाव असलेल्या देशातील मुलांच्या लिखित चुका या क्षेत्रातील एका मूलभूत सिद्धान्ताचा आधार झाल्या, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही पुढे उघड झाल्या. एकाच मुलाचा चुकीचा नियम दिवसागणिक बदलू शकतो, असे कर्ट व्हॅनलेन यांच्या अभ्यासातून दिसून आले. प्रत्येक विषयासाठी चुकांची सूची तयार करणे हे अतिशय कष्टाचे काम ठरले. डेरेक स्लीमन व त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली बीजगणिताच्या संदर्भात असे दाखविले की, चुकीचा नेमका नियम ओळखून दिलेले मार्गदर्शन हे तो भाग नुसता पुन्हा शिकविण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरतेच असे नाही. या कारणांनी संशोधकांचे लक्ष कमी श्रमाच्या पद्धतीकडे वळले.

५. संभाव्यतेचे प्रतिमान

अल्बर्ट कॉर्बेट व जॉन अँडरसन यांनी १९९५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेली ज्ञानमागोव्याची पद्धती आजही या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. तीत प्रत्येक कौशल्यासाठी चार संख्या असतात: विद्यार्थ्यास ते कौशल्य आधीच येत असण्याची संभाव्यता, एका सरावानंतर ते येऊ लागण्याची संभाव्यता, येत नसता अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची संभाव्यता, आणि येत असता हातून निसटण्याची संभाव्यता.

हिचे कार्य एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. कौशल्य येत असण्याची संभाव्यता ०.४०, अंदाजाची ०.२० व निसटण्याची ०.१० मानू. विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आले, तर ते ज्ञानामुळे येण्याचा भाग ०.४० × ०.९० म्हणजे ०.३६ आणि अंदाजाने येण्याचा भाग ०.६० × ०.२० म्हणजे ०.१२. यावरून नवी संभाव्यता ०.३६ भागिले ०.४८, म्हणजे ०.७५ होते. उत्तर चुकले, तर ज्ञान असूनही चुकण्याचा भाग ०.०४ आणि ज्ञान नसल्याने चुकण्याचा भाग ०.४८, नवी संभाव्यता ०.०४ भागिले ०.५२, म्हणजे ०.०८ च्याही किंचित खाली येते. एका चुकीने यंत्राचा विश्वास असा घसरतो. सरावामुळे होणाऱ्या शिक्षणाची भर त्यावर नंतर घालण्यात येते.

या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत. ती थोड्या सामग्रीवर चालते, तिचे गणित पारदर्शक आहे, आणि चुकांची सूची करण्याचे श्रम तीत नाहीत. परंतु तिच्या चार घरांत एका गोष्टीस जागा नाही. कोणते चुकीचे उत्तर आले, हे ती विचारात घेत नाही. चूक एकतर अज्ञानाची किंवा निसटल्याची. तिसरा प्रकार नाही. २०१५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बहुस्तरीय चेतापेशी-जालांच्या साहाय्याने हेच काम केले, तेव्हाही प्रणालीस पुरविलेली सामग्री प्रामुख्याने कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर बरोबर आले की चूक, अशाच स्वरूपाची होती. गणनाशक्ती वाढली, चुकीविषयीची मूळ धारणा तशीच राहिली.

६. महाराष्ट्रातील प्रयत्न

आपल्या राज्यात या प्रश्नाची भाषिक बाजू प्रथम ज्यांनी गंभीरपणे हाताळली, ते संगणकाचे अभ्यासक नव्हते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली स्थापन झाले. त्याचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रकल्प झाला. पाठ्यपुस्तकाची भाषा ही ग्रामीण व दुर्बल स्तरांतील मुलांपुढील एक मोठा अडसर आहे, आणि आशय तोच ठेवून भाषा सुलभ केल्यास मुलांची विषयातील कामगिरी सुधारते, असा निष्कर्ष कुलकर्णी व गंभीर यांनी १९८१ मध्ये मांडला. या निष्कर्षाचे महत्त्व असे की, जी उणीव विज्ञानाच्या ज्ञानातील म्हणून नोंदली जात होती, तिचा काही भाग वस्तुतः भाषेचा होता. विद्यार्थ्याच्या नोंदीत उणिवेचे स्थान चुकले होते.

संगणक शाळांत आला तो प्रथम इंग्रजीतून. केंद्र शासनाच्या १९८४–८५ च्या 'क्लास' प्रकल्पात देशातील सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटनमध्ये बनलेले बीबीसी संगणक देण्यात आले. पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामास गती मिळाली. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे राष्ट्रीय मानक ठरले. त्यानंतरही मराठीतील मुक्त उत्तर यंत्राने वाचावयाचे, ही गोष्ट दीर्घकाळ कठीणच राहिली. त्यामुळे मराठीतील संगणकीय स्वाध्याय बहुधा पर्यायी उत्तरांचे झाले. पर्यायी प्रश्नात मूल स्वतःची चूक लिहू शकत नाही. त्यास दुसऱ्याने कल्पिलेल्या चुकांतून निवड करावी लागते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० साली शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम सुरू झाला. तेथील रामकुमार राजेंद्रन, श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली 'माइंडस्पार्क' या अहमदाबादच्या संस्थेने विकसित केलेल्या गणित-प्रणालीतील नोंदींवरून विद्यार्थ्याचा वैताग कसा ओळखावा, यासंबंधी संशोधन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याचे उद्दिष्ट काय होते आणि ते कोणत्या कारणाने विफल झाले, या सैद्धांतिक मांडणीपासून त्यांनी आरंभ केला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. याच 'माइंडस्पार्क' प्रणालीचा दिल्लीतील शाळकरी मुलांवर झालेला प्रयोग मुरलीधरन, सिंग व गनिमियन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण-विचलन इतकी अधिक प्रगती तीत आढळली. मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून आरंभ केल्यास लाभ होतो, हे यावरून मान्य करावेच लागेल. म्हणूनच ती पातळी कशी ठरते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम हाती घेतला आणि पायाभूत चाचण्यांच्या द्वारा प्रत्येक मुलाची पातळी नोंदविण्याचा उपक्रम राज्यभर झाला. २०२० साली शाळा बंद असताना भ्रमणध्वनीवरून पाठविल्या जाणाऱ्या 'स्वाध्याय' या प्रश्नमालिकेचाही प्रयोग झाला. अशा रीतीने विद्यार्थी-प्रतिमानास लागणारी सामग्री येथे प्रचंड प्रमाणात निर्माण होऊ लागली आहे. ती कोणत्या स्वरूपात साठवावयाची, हा निर्णय आता येथील अभ्यासकांच्या विचाराचा विषय व्हावयास हवा.

७. मराठी संख्यानामांचा पुरावा

या निर्णयात काय पणास लागले आहे, ते मराठी संख्यानामांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. मराठीत एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतच्या संयुक्त संख्यानामांत एककाचा अंश आधी व दशकाचा अंश नंतर येतो. आपण लिहितो २५, म्हणजे दोन आधी. म्हणतो पंचवीस, म्हणजे पाच आधी. हा क्रम संस्कृतातून प्राकृतांच्या द्वारा आला असून तो हिंदी-उर्दूतही आहे. शेजारच्या कानडीत 'इप्पत्तैदु' व तेलुगूत 'इरवै ऐदु' या नामांत दशक आधी येतो. इंग्रजीतही वीसच्या पुढे तसेच आहे. कामतांच्या श्रेणीत ज्या दोन भाषांची मुले एकत्र आली होती, त्या दोन भाषा या बाबतीत परस्परांच्या उलट आहेत.

याखेरीज मराठीत आणखी दोन अडचणी आहेत. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस येथपासून एकोणनव्वदपर्यंतची आठ नामे वजाबाकीच्या तत्त्वावर बनली आहेत, आणि नव्याण्णव मात्र त्या तत्त्वाबाहेर आहे. 'एकतीस' व 'एकोणतीस' ही नामे कानास जवळजवळ सारखी लागतात, पण एकात एक मिळवावयाचा असतो तर दुसऱ्यात उणा करावयाचा असतो. शिवाय अंशांची रूपे स्थिर नाहीत. पन्नासचा अंश बावन्नमध्ये 'वन्न' व त्रेपन्नमध्ये 'पन्न' असा होतो. सत्तरचा बाहत्तरमध्ये 'हत्तर' होतो. दोनचा अंश बावीस, बत्तीस, बेचाळीस व ब्याऐंशी यांत चार रूपे घेतो.

आता एका मुलाची कल्पना करू. त्यास सहा संख्या ऐकवून अंकांत लिहावयास सांगितले. त्याने चौतीस ४३, सत्तावन्न ७५ व अठ्ठावीस ८२ असे लिहिले. तेहतीस ३३, चव्वेचाळीस ४४ व चाळीस ४० हे बरोबर लिहिले. बरोबर व चूक एवढेच मोजणाऱ्या प्रतिमानास येथे सहापैकी तीन उत्तरे बरोबर दिसतील, आणि मूल कधी जाणते व कधी विसरते असा गोंधळलेला निष्कर्ष निघेल. वस्तुतः गोंधळ काहीच नाही. 'जो अंश आधी ऐकू येतो तो आधी लिहावयाचा' हा एकच नियम सहाही उत्तरांस पुरतो. चाळीस या नामात एककाचा अंशच नसल्याने, आणि तेहतीस व चव्वेचाळीस यांत दोन्ही अंक सारखेच असल्याने, ती उत्तरे बरोबर आली. हाच नियम पुढे 'पंचावन्न' बरोबर लिहिले जाईल व 'त्रेसष्ट' ३६ असे लिहिले जाईल, हेही आधी सांगतो.

या मुलास स्थानिक किंमत समजत नाही, असे या उत्तरांवरून सिद्ध होत नाही. दोन दशकांचे गठ्ठे व पाच सुट्या काड्या पाहून तो २५ असे लिहू शकत असेल, तर त्याची स्थानिक किंमतीची समज शाबूत आहे आणि अडचण ध्वनीपासून अंकाकडे जाण्याच्या वाटेवर आहे. अशा मुलास स्थानिक किंमतीचे आणखी पन्नास प्रश्न देणारे यंत्र त्याचा वेळ घालवील. शिवाय त्याच्या नावावर 'मागे' असा शिक्का बसेल तो वेगळाच. जर्मन भाषेतही एकक आधी येतो, आणि ऑस्ट्रियातील सात वर्षांच्या मुलांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंकांची अशी उलटापालट ही मोठी अडचण असल्याचे आढळले आहे. म्हणजे ही केवळ कल्पनेतील चूक नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाहीर चर्चा एकदा झाली आहे. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' या नामाबरोबर 'वीस एक' अशी पर्यायी नामे आली. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांचा व उलट क्रमाचा मुलांवर पडणारा भार हे त्याचे कारण सांगितले. विरोधकांनी भाषेच्या परंपरेची हानी होईल असे म्हटले, आणि वाद विधानसभेपर्यंत गेला. त्या वादात दोन्ही पक्षांनी विचारले ते संख्यानामे बदलावीत की नाहीत एवढेच. मुले प्रत्यक्षात कोणत्या चुका करतात, किती काळ करतात, आणि त्या आपोआप कधी सुटतात, याचा पुरावा पुढे ठेवून बोलण्याची सोय फारशी नव्हती. मुलांची उत्तरे जशीच्या तशी जतन झाली असती, तर त्या चर्चेस अधिक भक्कम पाया मिळाला असता.

मराठवाड्यात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. येथील वर्गात मराठी, दखनी, उर्दू व गोरमाटी बोलणाऱ्या घरांतील मुले एकत्र बसतात, आणि सेमी-इंग्रजी शाळांत गणित इंग्रजी नामांनी शिकविले जाते. एकच मूल घरी 'पंचवीस' व शाळेत 'ट्वेंटी फाइव्ह' असे दोन परस्परविरुद्ध क्रम वागवीत असते. त्याची चूक समजण्यासाठी त्याने कोणते नाम ऐकले होते, हे ठाऊक असणे अनिवार्य आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, विद्यार्थी-प्रतिमानाच्या इतिहासात चुकीस नियम मानणारी दृष्टी मागे पडली, ती खोटी ठरली म्हणून नव्हे. ती महाग होती म्हणून, आणि तिच्यावर आधारलेल्या उपचाराचा अधिक लाभ सर्वत्र सिद्ध झाला नाही म्हणून. यांपैकी पहिले कारण आता पुष्कळसे दुर्बल झाले आहे. मुक्त उत्तरे साठविणे व त्यांचे वर्गीकरण करणे हे १९७८ च्या मानाने आज फारच सुलभ आहे. दुसऱ्या कारणाविषयी एवढेच म्हणता येईल की, स्लीमन प्रभृतींनी तपासलेल्या चुका बीजगणितातील होत्या. जेथे चुकीचे मूळ विषयात नसून विषय ज्या भाषेतून कानी पडतो त्या भाषेत आहे, तेथे तोच भाग पुन्हा शिकविणे पुरेसे होईल की नाही, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

या दिशेने मराठीत करावयाचे काम तीन प्रकारचे आहे. प्रत्येक उत्तराबरोबर प्रश्न कोणत्या भाषेत व कोणत्या रूपाने, म्हणजे ऐकवून, अक्षरांत की अंकांत, दिला गेला याची नोंद ठेवावी. चुकीचे उत्तर केवळ 'चूक' म्हणून न लिहिता मुलाने लिहिले तसे ठेवावे. आणि भाषाशास्त्र व शिक्षणशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून मराठी मुलांच्या नियमबद्ध चुकांची सूची तयार करावी. तिचा आरंभ संख्यानामांपासून करून पुढे अपूर्णांकवाचक सव्वा, दीड, अडीच या नामांकडे व शाब्दिक उदाहरणांच्या वाक्यरचनेकडे जाता येईल. यांपैकी तिसऱ्या कामास संगणकाचीही आवश्यकता नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांच्या वह्या त्यास पुरेशा आहेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांस तो एक योग्य विषय ठरावा.

बाहेर तयार झालेली प्रतिमाने आपल्या शाळांत येत राहतील, आणि त्यांचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु कामतांनी बिने श्रेणी जशीच्या तशी न घेता ती येथील मुलांवर पारखून घेतली होती. नव्या मापांच्या बाबतीतही तेवढी दक्षता बाळगणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास मराठी भाषेच्या रचनेतून आलेली अडचण मराठी मुलाच्या बुद्धीच्या खाती मांडली जाईल, आणि ती नोंद यंत्राने केलेली असल्यामुळे तिच्याविषयी शंका घेणेही कठीण होईल.